बेळगावात व्यवसायासाठी फायनान्सचे छोटे कर्ज: वही मांडण्यापासून नो ड्यूज दाखल्यापर्यंत

शहापूर, वडगाव, अनगोळ किंवा निपाणीच्या एखाद्या गल्लीत सकाळी कट्ट्यावर आठ-दहा बायका बसल्या आहेत आणि समोर बॅग, टॅब घेतलेला एक पोरगा उभा आहे, असे दिसले की समजावे, फायनान्सची मीटिंग चालू आहे. तारण लागत नाही, बँकेत खेटे घालावे लागत नाहीत, आठ-पंधरा दिवसांत पैसे खात्यावर येतात. शिलाई, खानावळ, भाजीची गाडी, पापड-चटण्या, ब्युटी पार्लर असे काही चालवणाऱ्या बाईला दुसरे कोणी इतक्या सहज भांडवल देत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

घोळ होतो तो पुढे. हप्त्याचा दिवस कंपनी ठरवते आणि पैसे कधी येणार ते गिऱ्हाईक ठरवते. हे दोन्ही जुळले नाहीत की चांगला चालणारा व्यवसायही कर्जापायी बसतो. पहिल्यांदाच कर्ज घेत असाल तर खालच्या क्रमाने जा.

१. अर्जाआधी वही

किमान दोन महिने रोजची आवक-जावक लिहा. साधी शाळेची वही चालते. एका पानावर व्यवसायाचे, समोरच्या पानावर घरचे. दोन्ही एकत्र लिहिलेत तर काहीच कळणार नाही.

समजा, वडगावात घरीच साडीचे फॉल-पिको करता. एका साडीचे ९० रुपये मिळतात. त्यातून फॉल, दोरा आणि वीज मिळून २५ गेले, उरले ६५. दिवसाला सहा साड्या म्हणजे ३९०. महिन्यात २४ दिवस काम धरले तर ९,३६० रुपये. त्यातले ५,००० घरखर्चाला गेले तर हातात ४,३६० राहतात. यातून २,१०० चा हप्ता आरामात निघतो, असे वाटते ना?

आता आषाढ धरा. लग्ने नाहीत, नवी खरेदी नाही. काम निम्म्यावर आले तर मिळतात ४,६८०, आणि घरखर्च तर तसाच. म्हणजे हप्ता लांबच, घरालाच ३२० रुपये कमी पडतात. पितृपंधरवड्यात पुन्हा तीच गत. हप्ता मात्र आषाढ बघत नाही.

म्हणून दोन गोष्टी. बरा महिना धरून जे उरते त्याच्या निम्म्यापेक्षा मोठा हप्ता घेऊ नका. आणि कर्ज उचलण्याआधी दोन हप्त्यांएवढी रक्कम बाजूला असू द्या. यासाठी आपल्याकडची पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, उत्तम. दुकानाच्या दारात येऊन रोज पैसे नेणारा पिग्मी एजंट कर्नाटकात १९२८ पासून फिरतो आहे, सिंडिकेट बँकेने ती पद्धत सुरू केली. रोज ५० रुपये टाकले तर १०० दिवसांत ५,००० होतात. मुदतीआधी मोडली तर कमिशन किती कापणार, एवढे खाते उघडतानाच विचारून घ्या.

सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये हप्त्याला धरून चालू नका. ते पैसे येतात, पण कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम.

कर्ज कशासाठी घेता, हेही वहीत लिहा. मशीन, कच्चा माल, फ्रीज, गाडा यातून पैसे परत फिरतात. मुलीचे लग्न आणि जुनी देणी यातून फिरत नाहीत. व्यवसायाचे म्हणून उचललेले कर्ज लग्नात गेले की हप्ता नुसता मजुरीतून भरावा लागतो, आणि बहुतेक घरांत पहिला हप्ता चुकतो तो इथे.

२. कोणाच्या दारात जायचे

सगळ्यांनाच आपण 'फायनान्स' किंवा 'संघ' म्हणतो, पण नियम सगळ्यांना सारखे नाहीत.

मायक्रोफायनान्स कंपन्या आणि स्मॉल फायनान्स बँका: यांना रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासूनचे नियम लागू आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर मिळणारे बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुले. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात २२,००० येत असतील तर मर्यादा ११,०००, आणि त्यात नवऱ्याच्या दुचाकीचा हप्तासुद्धा मोजतात. फॉर्म भरणारा पोरगा उत्पन्न फुगवून लिहू लागला तर त्याला अडवा. त्यात कमिशन त्याचे आणि ओझे तुमचे.

बचत गट: १० ते २० बायका, स्वतःची बचत, वेळेवर बैठका, नीट वही. सहा महिने असे चालले की बँक गटाला कर्ज देते. वेळ लागतो, पण व्याज बहुधा सर्वांत कमी. घाई नसेल तर आधी हाच रस्ता धरा.

सोसायट्या: पतसंस्था, सौहार्द सहकारी वगैरे. ओळखीवर काम होते. पण या रिझर्व्ह बँकेच्या मायक्रोफायनान्स नियमांत येत नाहीत. जामीनदार आणि कोरे चेक मागण्याची पद्धत इथेच जास्त.

सरकारी योजना: फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी. रस्त्यावर भाजी, फुले, वडापाव, कपडे विकत असाल तर खासगी फायनान्सच्या आधी हीच बघा. पहिले कर्ज १५,०००, वेळेवर फेडले की २५,०००, मग ५०,०००. वेळेवर भरणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत. महानगरपालिकेचे किंवा नगरपालिकेचे फेरीवाला प्रमाणपत्र लागते, ते नसेल तर शिफारसपत्र. मुद्रा कर्ज बँकेतून मिळते, शिशू गटात ५०,००० पर्यंत. शाखेत 'सध्या बंद आहे' असे तोंडी सांगितले तर लेखी अर्ज देऊन पोच मागा.

कर्नाटक महिला विकास निगमाची उद्योगिनी ही यातली सर्वांत फायद्याची. बँकेचे कर्ज ३ लाखांपर्यंत, वय १८ ते ५५. सर्वसाधारण गटाला ३० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ९०,००० अनुदान; अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे दीड आणि दोन लाख. विधवा आणि दिव्यांग महिलांना ती अट नाही. अर्ज वर्षातून ठरावीक मुदतीतच घेतात, म्हणून महिला व बालविकास खात्याच्या सीडीपीओ कार्यालयात आधीच चौकशी करून ठेवा. लाभार्थी मोजके निवडतात, तेव्हा यावरच विसंबून मशीनची ऑर्डर देऊ नका. 'अनुदान मी काढून देतो, पाच हजार द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. अनुदान कर्जखात्यात जमा होते, कोणाच्या खिशातून येत नाही. मराठा समाजातल्या महिलांनी कर्नाटक मराठा समुदाय अभिवृद्धी निगमाच्या योजनांचीही चौकशी करावी.

कंपनी खरी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत कंपन्यांच्या यादीत दिसते. यादीत नाव नसेल आणि माणूस फक्त व्हॉट्सअॅपवर बोलत असेल तर विषय तिथेच संपवा.

३. कागद

- आधार, तुमचे आणि नवऱ्याचे (किंवा घरातल्या दुसऱ्या जामीनदाराचे)
- मतदार ओळखपत्र
- पॅन कार्ड. नसेल तर फॉर्म ६०
- रेशन कार्ड
- बँक पासबुक, गेल्या सहा महिन्यांच्या नोंदींसह
- हेस्कॉमचे वीजबिल. मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे रक्कम शून्य असली तरी पत्त्याचा पुरावा म्हणून चालते, फेकू नका
- भाड्याच्या घरात असाल तर भाडेकरार आणि मालकाच्या नावचे वीजबिल
- दोन फोटो, आधारला जोडलेला मोबाइल
- सरकारी योजनेसाठी नाडकचेरीचा (महसूल कार्यालयाचा) उत्पन्न आणि जातीचा दाखला
- उद्यम, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी. ती फुकट असते. खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणीही

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते नावावर. आधारवर माहेरचे नाव, रेशन कार्डावर सासरचे, पासबुकात आद्याक्षरे. त्यात आपल्याकडे भर कन्नडची: मराठी नाव कन्नडमध्ये गेले, तिथून इंग्रजीत आले, आणि 'ज्योती' दोन कागदांवर दोन स्पेलिंगांत उतरली. आधार हा मूळ कागद धरा आणि बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, तेव्हा तिथे अक्षर न् अक्षर तपासून मगच 'बरोबर' म्हणा.

चंदगड, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरकडून लग्न होऊन इकडे आला असाल तर आणखी एक गाठ. आधारवरचा पत्ता अजून तिकडचा असेल तर आधी तो बदला. महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर कर्नाटकाच्या योजनेत राखीव गटाचा लाभ मिळत नाही. तिकडच्या रेशन कार्डातून नाव कमी करून इकडे चढवायला वेळ लागतो, हे काम कर्ज लागायच्या आधी उरका.

४. गटात कोणाबरोबर बसायचे

पाच-दहा जणींचा गट, आणि एकीचा हप्ता राहिला तर बाकीच्यांनी भरायचा. सारा हिशेब याच एका अटीवर उभा आहे. म्हणून 'गटात एक कमी पडते, फक्त सही कर' म्हणणारीच्या गटात जाऊ नका. घर भाड्याचे असून दर वर्षी बदलते, आधीच चार फायनान्स चालू आहेत, मीटिंगला सासूला पाठवते, अशी बाई गटात असेल तर तिचा हप्ता आज ना उद्या तुमच्या पदरात येणार.

आणि एक फसवणूक, जिच्यात शिकलेल्या बायकाही अडकतात: 'कर्ज तुझ्या नावावर काढ, पैसे मला दे, हप्ते मी भरते, तुला वरचे पाच हजार.' चार महिने ती भरते आणि पाचव्या महिन्यात फोन बंद. कागदावर कर्जदार तुम्ही, अंगठा तुमचा, पैसे आलेले खाते तुमचे. पोलिसांत तक्रार देता येते, पण हप्ता तुमच्या नावावरच चढत राहतो.

५. व्याज: इथे पेन्सिल हातात घ्या

'ताई, फक्त साडेतेरा टक्के' आणि 'ताई, चोवीस टक्के' यातले स्वस्त कोणते? कदाचित दोन्ही सारखेच.

४०,००० रुपये, २४ महिने, दरमहा हप्ता. २४ टक्के व्याज घटत्या शिल्लकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच असेल तर हप्ता साधारण २,११५ येतो. एकूण फेड ५०,७५६, म्हणजे व्याज १०,७५६. आता १३.५ टक्के फ्लॅट धरा: ४०,००० वर दोन वर्षांचे व्याज १०,८००, हप्ता २,११७. दोन रुपयांचा फरक! फ्लॅटमध्ये फेडून झालेल्या मुद्दलावरही व्याज लागत राहते, म्हणून आकडा लहान दिसतो. आणि २४ टक्के फ्लॅट असेल तर व्याज १९,२०० आणि हप्ता २,४६७. त्याच चोवीस आकड्यात ८,४४४ रुपये जास्त गेले.

म्हणून टक्का विचारत बसू नका. तीन आकडे विचारा: हातात किती येणार, हप्ता किती, हप्ते किती. हप्ता गुणिले हप्ते, त्यातून हातात आलेली रक्कम वजा. जे उरते ती कर्जाची खरी किंमत.

हातात ४०,००० येत नाहीतच. समजा प्रोसेसिंग फी एक टक्का म्हणजे ४००, त्यावर जीएसटी ७२, आणि तुमचा व नवऱ्याचा विमा मिळून ९००. आले ३८,६२८. व्याज मात्र पूर्ण ४०,००० वर. मशीनची किंमत बरोबर ४०,००० असेल तर तुम्ही पहिल्याच दिवशी १,३७२ रुपयांनी कमी पडलात, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या कर्जातून येतात.

आणखी एक गोष्ट चकित करते. वरच्या २४ टक्के घटत्या शिल्लकीच्या कर्जात बारा हप्ते भरून झाले की तुम्ही २५,३८० रुपये दिलेले असतात. तरी मुद्दल २२,३६५ बाकी असते. कारण पहिल्या हप्त्यात ८०० रुपये व्याजच होते, मुद्दलात फक्त १,३१५ गेले. वर्षाने 'जुने बंद करून नवे मोठे देतो' म्हणतात तेव्हा हेच होते: व्याज कमी होत आलेले, मुद्दल फिटू लागलेले, आणि तुम्ही पुन्हा जास्त व्याजाच्या टोकाला जाऊन बसता. वर फी आणि विमा नव्याने.

व्यवसायात एकदम पैसे आले, दिवाळीचा हंगाम चांगला गेला, तर मुदतीआधी फेडून टाका. मायक्रोफायनान्स कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही.

हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा की महिन्याचा, हेही विचारून घ्या. शनिवारच्या बाजारात बसणारीला आठवड्याचा हप्ता सोयीचा, सोमवारचा. शिवणकामवालीला महिन्याचा. रोज रोख मिळणाऱ्या खानावळीलाही आठवडाच बरा, कारण गल्ल्यात साठलेले पैसे महिनाभर टिकत नाहीत.

६. सहीचा दिवस

कागद बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतात. आपल्यातल्या पुष्कळ बायकांना कन्नड बोलता येते, वाचता येत नाही, आणि 'मला समजते' म्हणून सही होते. कर्जदाराला समजेल त्या भाषेत लोन कार्ड आणि माहितीपत्रक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. मराठीत मागा. नसले तर निदान वाचून घ्या आणि हे शब्द कानात ठेवा: 'साल' म्हणजे कर्ज (वर्ष नव्हे, इथे पुष्कळ जणी फसतात), 'बड्डी' म्हणजे व्याज, 'कंतु' म्हणजे हप्ता, 'ओट्टु' म्हणजे एकूण, 'विमे' म्हणजे विमा, 'जामीनु' म्हणजे जामीन.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नाही. ओटीपी सांगण्याआधी तो कशाचा आहे ते मेसेजमध्ये वाचा. आता ओटीपी हीच सही असते. 'सिबिल (जुन्या कर्जफेडीची नोंद) बघतो' म्हणून घेतलेला अंगठा कर्जावर तर जात नाही ना, हे टॅबच्या पडद्यावर बघा. मिक्सर, सोलर दिवा, मोबाइल असे काही कर्जासोबत घेण्याची सक्ती करता येत नाही.

आता सर्वांत महागात पडणारी गल्लत. दोन-तीन कर्जे नीट फेडली की तोच माणूस म्हणतो, 'मोठे देतो, फक्त घराचा ई-खाता (मालकीचा उतारा) द्या.' घराचा उतारा दिला त्या क्षणी ते मायक्रोफायनान्स राहत नाही. ते तारण कर्ज झाले, त्याचा कायदा वेगळा, आणि तिथे थकबाकीत घर जप्त होऊ शकते. बिनतारण कर्जासाठी घराला टाळे ठोकण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही.

७. पैसे आल्यावर

पैसे आलेल्या आठवड्यातच मशीन किंवा माल घ्या आणि पक्के बिल ठेवा. पुढे मुद्रा किंवा उद्योगिनीसाठी हीच बिले कामी येतात. हप्ता रोख दिला की त्याच जागी लोन कार्डावर सही आणि पावती. 'सर्व्हर डाउन आहे, उद्या एंट्री करतो' हे उत्तर चालणार नाही. सेंटर लीडरकडे (मीटिंगच्या प्रमुख बाईकडे) पैसे ठेवून घरी जाऊ नका, ती बहीण असली तरी.

८. हप्ता अडला तर

दिवस उलटल्यावर नाही, आधी सांगा. आजारपण, पावसात बुडालेला बाजार, काहीही असो. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि हप्ता बदलून मागा. एक फायनान्स फेडायला दुसरे काढले की तिसरे ठरलेलेच.

वसुलीलाही नियम आहेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. वसुली ठरलेल्या जागीच. तिथे तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच घरी येता येते. शिवीगाळ, धमकी, शेजारी-नातेवाइकांना फोन, गल्लीत नाव जाहीर करणे, सगळे निषिद्ध. प्रत्यक्षात कंपनीचा माणूस गोड बोलतो आणि गटातल्या बायकांनाच दारात बसवतो. तेही दडपणच आहे, तारीख-वेळ लिहून ठेवा.

तक्रार आधी कंपनीकडे, लोन कार्डावर क्रमांक असतो. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी १४४४८ या क्रमांकावर फोन करता येतो. दारात दमदाटी चालू असेल तर ३० दिवस थांबायचे नाही, पोलिसांना ११२ वर फोन करा. नोंदणी नसलेल्या सावकारी कंपन्यांसाठी कर्नाटकाने २०२५ साली वेगळा कायदा केला आहे. जबरदस्तीच्या वसुलीला त्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे.

विम्याचे विसरू नका. कर्जदार किंवा विमा काढलेला नवरा वारला तर उरलेले कर्ज विम्यातून फिटायला हवे. कित्येक घरांत हे माहीतच नसते आणि मुलगा हप्ते भरत राहतो. मृत्यूचा दाखला आणि विम्याचे प्रमाणपत्र घेऊन शाखेत जा, अर्जाची पोच घ्या.

९. कर्ज संपल्यावर

शेवटचा हप्ता भरला की नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला शिक्क्यासह मागा. सही केलेले कागद किंवा चेक दिलेले असतील तर परत घ्या. महिन्याभराने स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांची नोंद काढा. सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्था वर्षातून एकदा तो फुकट देतात. मायक्रोफायनान्सची नोंद चारही ठिकाणी सारखी नसते, तेव्हा एकावर थांबू नका. कर्ज 'बंद' दिसले पाहिजे. 'चालू' किंवा 'थकीत' दिसत असेल, किंवा तुम्ही कधी न घेतलेले कर्ज त्यात सापडले, तर नो ड्यूज दाखल्याची प्रत जोडून त्या संस्थेकडे आणि कंपनीकडे दोन्हीकडे दुरुस्तीचा अर्ज करा. दाखल्याची मूळ प्रत मात्र कोणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या.